शेरा: मीटर सदोष

तीस वर्षं मी फोंड्याहून निघून
लोकांच्या भिंतींवरचे आकडे वाचले.
कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती.
कुणाकडे गीझर बसला, कुणाचे पाहुणे महिनाभर हलले नाहीत,
कुणाचा मुलगा आखातातून एसी घेऊन आला,
शेजाऱ्यांच्या आधी मला कळायचं.

शिरोड्याला, तारवळ्यात, कोन्सेसांवबायचं घर.
माणसं पाच,
आणि मीटरचं चाक असं फिरायचं
जणू त्याला कुणी जेवणानंतर शतपावली सांगितलीय.
महिन्याला अठरा युनिट. कधी सतरा.
मी काचेवर टिचकी मारली,
वायर चाचपली, खांबाकडे पाहिलं,
तिच्याकडेही पाहिलं, चोराकडे पाहतात तसं.
ती विहिरीवर होती. म्हणाली, "उदक जाय?"
मातीच्या मडकीतलं पाणी. दात शिवशिवले.
ते पिऊन, मिशी पुसून, मी वहीत लिहिलं:
मीटर सदोष. तपासावा.

तपासणीचे दोनशे रुपये तिच्या बिलात लागले.
नवा मीटर आला.
त्यानंही दाखवले सतराच.

आता मी घरी.
पेन्शनीत पहिलं बिल आलं दोन हजार एकशे चाळीस,
आणि कुंदा म्हणाली,
"जन्मभर दुसऱ्यांचं वाचलंत. हे वाचा."

मग न्हाणीतलं भाण खाली उतरवलं.
परसात चार माड, त्यांची पिडी आणि सोडणं
उचलून न्यायला मी माणसाला पैसे देत होतो!
आता तीच पाणी तापवतात.
सोलकढीची उरलेली सोलं भाण घासतात,
भाणाला चेहरा दिसू लागला. माझाच, जरा फुगलेला.
भाताला एक कढ आला की पेज्याचं तपेलं
जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवते कुंदा,
अर्ध्या तासानं उघडते, तर शिजलेला.
सिलिंडर अकरा दिवस जास्त चालला.
(दिवस मी मोजले. सवय.)
तांदळाचं धुवण मिरचीच्या रोपांना.
फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे.
सून वास्कोहून व्हिडिओवर विचारते,
"बाबा, तुम्ही गरीब झालात का हो?"

मे महिन्यात मात्र हरलो.
रात्रभर पंखा पाचवर, आणि त्याच्याखाली मी,
उघडाबंब, मनात युनिट मोजत.

वाचलेले पैसे दोदोलच्या रिकाम्या डब्यात.
एकदा तो उचलला तर खुळखुळला नाही,
नोटांनी भरला होता.
कुंदा म्हणाली, मिक्सर घेऊ.
मी म्हटलं, आधी एक देणं आहे.

पाकिटात पाचशे घातले. दोनशे मूळ, बाकी व्याज,
इतक्या वर्षांचं, अंदाजानं.
कोन्सेसांवबाय व्हरांड्यात बसलेली,
एका डोळ्यात मोतीबिंदू.
मी सगळं सांगितलं. चोर समजलो होतो, हेसुद्धा.
तिला माझा चेहरा आठवेना.
रक्कम आठवली.
नोटा डोळ्याजवळ नेऊन एकेक पाहिल्या,
दोनशे पदरच्या बटव्यात टाकले,
तीनशे माझ्या तळहातावर ठेवून बोटं मिटवली.
"हांव कळंतर घेना."

पुढे काय बोलायचं सुचेना.
तिनं पाणी दिलं. तीच मडकी, की तिची मुलगी, कुणास ठाऊक.
भिंतीवर आता डिजिटल मीटर, लाल ठिपका मधूनच लुकलुकतो.
नजर गेलीच. वाचायचं टाळलं.

उठलो, चपला शोधल्या,
पायऱ्या उतरत होतो,
तेव्हा मागे बटणाचा आवाज आला
आणि पंखा मंदावत मंदावत थांबला.

माझ्यासाठी लावला होता,
हे तो थांबल्यावर कळलं.